वोकस: उंच डोंगरांतल्या तळ्यांची पिवळी कुमुदिनी

उपवासाच्या दिवशी आपल्या घरी तुपात परतलेले मखाणे होतात. बरेच जण त्यांना 'कमळाचं बी' म्हणतात. खरं तर मखाण्याचा कमळाशी फारसा संबंध नाही. मखाणा येतो तो वॉटर लिलीच्या, म्हणजे कुमुदिनीच्या कुळातल्या एका काटेरी पाणवनस्पतीपासून. बिहारमधल्या मिथिलेच्या तळ्यांत तिची लागवड होते आणि 'मिथिला मखाना'ला २०२२ साली जीआय मानांकनही मिळालं आहे. कमळ दिसायला कुमुदिनीसारखं असलं तरी त्याचं कूळ अगदी निराळं. शास्त्रज्ञांच्या हिशेबात कमळाचं जवळचं नातं लागतं ते काश्मीरच्या चिनार वृक्षाशी!

मखाण्याची एक दूरची बहीण अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत, थंडगार पाण्याच्या तळ्यांत राहते. तिचं फूल पिवळंजर्द. तिचंही बी तिथले मूळ रहिवासी पिढ्यान् पिढ्या भाजून, फुलवून खात आले. त्या बियांच्या खाद्याला ते 'वोकस' म्हणतात.

अप्सरेचं तळं

कंपनीच्या एका प्रोजेक्टसाठी मी उन्हाळ्याचे चार महिने डेन्व्हरला होते. तिथून दोनेक तासांवर रॉकी माउंटन नॅशनल पार्क आहे. पार्कमधल्या बेअर लेकपासून अर्धा मैल चढून गेलं की निम्फ लेक लागतं. तळं लहानसंच आहे, पण उंची सुमारे ९,७०० फूट, म्हणजे जवळपास २,९५० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, यावरून कल्पना यावी. जुलै महिना होता. पुढच्या ड्रीम लेक आणि एमराल्ड लेकच्या ओढीने बहुतेक मंडळी इथे दोन फोटो काढून निघून जात होती. माझी दमछाक झाली होती, म्हणून मी काठावर बसले आणि त्यामुळेच तळं नीट पाहून झालं.

निम्फ म्हणजे अप्सरा, तेव्हा नाव सौंदर्यावरून पडलं असेल असं वाटतं. पण ते पडलं या कुमुदिनीवरून. तिचं पूर्वीचं शास्त्रीय नाव होतं 'निम्फिया पॉलिसेपाला'. आता तिला 'न्यूफार पॉलिसेपाला' म्हणतात. सेंट लुईसमध्ये राहणारे जर्मन वंशाचे डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगेलमान यांनी १८६६ साली तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं.

तळ्याचा बराचसा भाग तिच्या पानांनी झाकलेला होता. पानं जाड, बदामाच्या आकाराची, मोठी पानं हातभर लांब. त्यांच्यामधून जाड देठांवर वाटीएवढी पिवळी फुलं पाण्याच्या वर आलेली. कमळासारखं हे फूल उमलून पसरत नाही, गोल पेल्यासारखं राहतं. गंमत म्हणजे ज्या पिवळ्या पाकळ्या आपण पाहतो त्या पाकळ्या नव्हेतच. शाळेत शिकलेलं आठवत असेल, कळीला बाहेरून झाकणारी दलं म्हणजे निदलं. इथे ती निदलंच मोठी आणि पिवळी झाली आहेत. बहुधा नऊ असतात, बाहेरची हिरवट आणि आतली पिवळी. खऱ्या पाकळ्या इवल्याशा असून लालसर पुंकेसरांच्या गर्दीखाली लपलेल्या असतात. 'पॉलिसेपाला' म्हणजेच 'पुष्कळ निदलांची'.

नावाचा पहिला भाग तर आपल्या आणखी ओळखीचा आहे. 'न्यूफार' हा शब्द लॅटिनमध्ये आला अरबीतून, अरबीत आला फारसी 'नीलूफर'वरून आणि फारसीत आला संस्कृत 'नीलोत्पल'वरून. नीलोत्पल म्हणजे निळं कमळ. आपल्याकडचा एक शब्द इराण, अरबस्तान, युरोप असा फिरत रॉकी पर्वतातल्या पिवळ्या फुलाला जाऊन चिकटला! हैदराबादच्या वाचकांच्या ओळखीत एखादी निलोफर असेलच. तिचं आणि या फुलाचं नाव एकाच मुळाचं.

चिखलात श्वास

या तळ्यांवर हिवाळ्यात जाड बर्फ साठतं आणि ते वितळायला जून उजाडतो. पानं-फुलं शरद ऋतूत मरून जातात. मागे उरतो तो तळाच्या चिखलात आडवा पसरलेला खोडाचा कंद. तो मनगटाएवढा किंवा त्याहूनही जाड असतो. उन्हाळा आला की त्यातूनच पुन्हा पानं वर येतात.

प्रश्न असा की, चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. मग तिथे हा कंद आणि त्याची मुळं जगतात कशी? याचं उत्तर जॉन डेसी या शास्त्रज्ञाने १९८० साली 'सायन्स' या नियतकालिकात दिलं. त्याने अभ्यास केला तो मिशिगन राज्यातल्या एका तळ्यातल्या याच प्रजातीच्या सख्ख्या बहिणीचा. त्याला आढळलं ते थोडक्यात असं:

कुमुदिनीच्या देठांत आणि कंदात हवेच्या पोकळ्या असतात, नळ्यांसारख्या एकमेकींना जोडलेल्या. नुकतंच वर आलेलं कोवळं पान उन्हाने तापतं. त्याच्या आतली छिद्रं अतिशय बारीक असल्यामुळे आत शिरलेली हवा सहजी मागे फिरत नाही आणि पानात थोडासा दाब तयार होतो. तो दाब हवेला देठातून खाली कंदापर्यंत ढकलतो. जुन्या पानांची छिद्रं मात्र मोठी झालेली असतात, ती दाब धरून ठेवू शकत नाहीत. त्यामुळे कंदातली वापरलेली हवा, कार्बन डायऑक्साइड आणि चिखलातला मिथेन घेऊन, जुन्या पानांच्या देठांतून वर येते आणि बाहेर पडते. एका पानातून दिवसाला २२ लिटरपर्यंत हवा खाली जाऊ शकते, असं त्याचं मोजमाप होतं. वर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग पानं अन्न तयार करायला वापरतात.

पंप नाही, झडप नाही, नुसतं ऊन आणि पानांच्या वयातला फरक. दिवसभर कॉम्प्युटरसमोर सिस्टिम डिझाइनच्या चर्चा करणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून पानांकडे पाहण्याची नजरच बदलली. कोवळी पानं हवा आत घेतात आणि जुनी ती बाहेर सोडतात. दोन्ही वयांची पानं एकाच वेळी असली तरच हा वारा वाहतो.

हे कूळही फार जुनं आहे. १९९९ साली डीएनएच्या आधारे फुलझाडांची वंशावळ नव्याने मांडली गेली, तेव्हा कुमुदिनींची फांदी अगदी बुंध्याजवळ फुटलेली दिसली. गुलाब, आंबा, गहू, सूर्यफूल या सगळ्यांच्या वाटा वेगळ्या होण्याच्या कितीतरी आधी या पाण्यात उतरल्या होत्या.

दोन समुद्रांचं तळं

यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये ओल्ड फेथफुलकडून वेस्ट थंबकडे जाताना क्रेग पास ही खिंड लागते. तिथे रस्त्याला लागूनच ८,२६२ फुटांवर आयसा लेक नावाचं चिंचोळं तळं आहे. उन्हाळ्यात तेही या पिवळ्या फुलांनी भरतं. हे तळं बरोबर अमेरिका खंडाच्या जलविभाजक रेषेवर बसलं आहे, त्यामुळे त्याचं पाणी दोन दिशांना जातं. त्यातही उलटापालट अशी की, पूर्वेच्या टोकाचं पाणी वळून स्नेक नदीमार्गे पॅसिफिकला मिळतं आणि पश्चिमेच्या टोकाचं मिसूरी-मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखातात जातं.

महाबळेश्वरला कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. बेळगावकरांना तर लांब जायलाही नको. खानापूर तालुक्यातच उगम पावून मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि म्हादई गोव्यातून अरबी समुद्राला मिळते. आयसा लेकला हीच करामत एका छोट्या तळ्यात दिसते, आणि वर कुमुदिनीची चादर.

सूप, पाटा आणि दोन शिंगांचा वरवंटा

इथवर ही वनस्पती आपल्याला 'पाहण्यासारखी' वाटते. ऑरेगन राज्याच्या दक्षिणेला, कॅस्केड पर्वताच्या पूर्वेकडे क्लॅमथ लोकांचा प्रदेश आहे. तिथे ती खाण्याची होती. सुमारे ४,५०० फुटांवरच्या क्लॅमथ मार्श या अफाट पाणथळीत ही कुमुदिनी शेतासारखी पसरलेली असे. अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जाऊन वोकसची साद्यंत माहिती लिहून ठेवली. एकट्या त्या पाणथळीत सुमारे १०,००० एकर सलग कुमुदिनी असल्याचा त्यांचा अंदाज होता.

त्यांचा अहवाल मी वाचला तेव्हा वनस्पतिशास्त्रापेक्षा त्यातल्या स्वयंपाकघरानेच मला धरून ठेवलं. हंगाम ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. बायका एका झाडाच्या खोडातून कोरलेल्या होड्या घेऊन पाणथळीत जायच्या आणि फळं तोडून होडी भरायच्या. जी फळं पूर्ण पिकून पाण्यातच फुटलेली असत, त्यांचा बुळबुळीत गर बियांसकट वेगळा गोळा केला जाई. त्याला 'स्पोकवास' म्हणत आणि त्यातलं बी सर्वांत उत्तम मानत. न फुटलेली फळं वाळवून, कुटून त्यांतलं बी काढावं लागे.

पुढचं काम वाचताना तर मला आपल्या आजीच्या पिढीचं घर आठवलं. बी थोडं भाजायचं. मग सपाट दगडी पाट्यावर हलक्या हाताने रगडायचं, इतक्या हलक्या की टरफल फुटावं पण आतला दाणा मोडू नये. या कामाचा क्लॅमथ लोकांचा वरवंटा खास त्यांचाच आहे. त्याला वर दोन शिंगं असतात, दोन्ही हातांनी धरायला. मग विणलेल्या सपाट टोपलीत, म्हणजे आपल्या भाषेत सुपात, पाखडून टरफल उडवायचं. उरलेला साफ दाणा म्हणजे 'लोलेन्श'. तो टोपलीत निखाऱ्यांबरोबर सतत हलवत भाजला की फुलून 'श्नॅप्स' तयार! आपल्या लाह्यांसारखा किंवा मखाण्यासारखाच. तो तसाच कोरडा खात, नाहीतर दळून त्याची पेज करत. हिवाळाभर पुरेल इतका साठा घरोघरी होई.

एका बियाला किती नावं पाहा. फळ, गर, सोललेला दाणा, फुलवलेला दाणा, प्रत्येक टप्प्याला वेगळा शब्द. आपण भात, तांदूळ, कणी, तूस, लाह्या, पोहे, चुरमुरे म्हणतो तसंच. इंग्रजीत यातल्या निम्म्यांना 'राइस' म्हणून मोकळं होता येतं. ज्यांचं पोट एखाद्या धान्यावर असतं, त्यांनाच त्याची इतकी नावं लागतात.

पाणी गेलं, मग काय गेलं?

१८६४ साली क्लॅमथ आणि शेजारच्या जमातींनी अमेरिकी सरकारशी तह केला. मोठा मुलूख सोडून त्यांच्याकडे एक राखीव प्रदेश उरला. १९०५ साली क्लॅमथ खोऱ्यातल्या सिंचन प्रकल्पाला मंजुरी मिळाली. तळी आणि दलदली म्हणजे वाया गेलेली जमीन, ती कोरडी करून शेतीखाली आणायची, असा तो काळ होता. खोऱ्यातल्या पाणथळींना बांध घातले गेले, पाणी काढलं गेलं आणि लोअर क्लॅमथ लेक हे विस्तीर्ण तळं जवळजवळ आटून गेलं. जिथे कुमुदिनी होती तिथे बटाटा आणि धान्य आलं. त्या शेतांवर नव्याने वसलेल्या कुटुंबांनी खूप कष्ट केले, हेही खरं. पण कुमुदिनीला दुसरीकडे जाता येत नाही. तिला साचलेलं उथळ पाणी लागतं आणि तेही वर्षानुवर्षं.

यानंतरचा घाव कागदावरचा होता. १९५४ साली अमेरिकी संसदेने कायदा करून क्लॅमथ जमातीची अधिकृत मान्यता संपवली. सरकारच्या दृष्टीने ती जमात उरली नाही आणि तिचा राखीव प्रदेशही गेला. १९८६ साली मान्यता परत मिळाली, जमीन मात्र परत मिळाली नाही. क्लॅमथ मार्शचा मोठा भाग १९५८ पासून पक्ष्यांसाठी संरक्षित अभयारण्य आहे. त्यामुळे तिथली कुमुदिनी टिकली आणि तिच्या एका भागाचं नावही 'वोकस बे' आहे. पण २०२० नंतरच्या सलग दुष्काळी वर्षांत या खोऱ्यातल्या पाणथळींचं पाणी पुन्हा खूप घटलं. शेतीला किती, माशांना किती, पाणथळींना किती, हा वाद तिथे अजून चालूच आहे.

या सगळ्यात भाषा कुठे होती? २००६ पर्यंत अशी वेळ आली होती की, जन्मापासून क्लॅमथ बोलत आलेली, ओघाने बोलू शकणारी एकही व्यक्ती उरली नव्हती. आज जमातीतले लोक ती पुन्हा शिकवायचा प्रयत्न करतात, आणि त्यांच्या हाताशी असतो तो १९६३ साली छापलेला एम. ए. आर. बार्कर यांचा क्लॅमथ शब्दकोश. हे बार्कर म्हणजे तेच, ज्यांनी पुढे इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी उर्दू शिकवणारं जाडजूड पाठ्यपुस्तक तयार केलं. त्यांनी त्या वेळच्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून शब्द टिपले नसते, तर आज शिकायला फारसं काही हाती राहिलं नसतं.

न्यूफार आणि वोकस ही एकाच वनस्पतीशी जोडलेली दोन नावं. पहिलं चार भाषांमधून फिरलं, पुस्तकांत गेलं आणि जगभर झालं. त्याला कसलाच धोका नाही. दुसरं एका खोऱ्यातलं, एका चवीचं आणि एका कामाचं. पाणथळ, होडी, पाटा, सूप हे सगळं असेपर्यंत त्या नावाला कोणी 'जपायची' गरज नव्हती. रोजच्या कामात ते आपोआप तोंडी येत होतं.

आपल्या तळ्याकाठी

मी बडोद्याची. आमच्या चार पिढ्या इथे झाल्या. मराठी टिकवायची म्हणजे मंडळात नाटक, गणेशोत्सव, मुलांची श्लोक स्पर्धा हे सगळं आम्ही करतो आणि ते करायलाच हवं. पण वोकसबद्दल वाचल्यावर मला आमच्या घरातले शब्द मोजावेसे वाटले. माझ्या मुलीला 'कमळ' माहीत आहे, 'पाखडणं' माहीत नाही. तिला तरी कसं माहीत असणार? आमच्याकडे धान्य निवडलेलं, पाकिटातून येतं आणि सूप वर्षातून एकदा, पूजेपुरतं दिसतं. वस्तू गेली की शब्द पुस्तकात राहतो आणि तोंडातून जातो.

आपण गावोगावचे मराठी लोक या बाबतीत श्रीमंतही आहोत. कुमुदिनीलाच पाहा. पुस्तकी मराठीत कुमुद, बडोद्यात शेजारच्या गुजराती काकूंकडून कानावर आलेलं 'पोयणुं', गोव्यात तळ्यात फुलणारी 'साळकां'. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या घरांत तळ्यांवरून येणाऱ्या ताज्या शिंगाड्यांचा हंगाम असतो आणि तिथल्या आज्यांकडे त्याचे वेगळे शब्द, वेगळे पदार्थ असणार. हे शब्द कुठल्या एका कोशात एकत्र मिळायचे नाहीत. ते आपापल्या घरी आहेत.

म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरात एक साधं काम करायचं ठरलं आहे. आजीला सूप घेऊन बसवायचं, पावशेर भात किंवा भुईमूग द्यायचा आणि नातीने तिच्याकडून पाखडायला शिकायचं. आजी काम करताना जे जे म्हणेल ते फोनवर रेकॉर्ड करायचं. तुमच्या घरीही करून पाहा. शब्द विचारू नका, काम करून दाखवायला सांगा. 'सांग बरं जुने शब्द' म्हटलं की आजीला एकही आठवत नाही, पण हातात सूप आलं की ते आपोआप येतात. त्यांतले निवडक शब्द आपल्या गावाच्या नावासकट मंडळाकडे पाठवा, पुढच्या अंकात ते एकत्र छापता येतील.

आणि पुढच्या एकादशीला मखाणे परतताना मुलांना सांगा की, हे कमळाचं बी नव्हे. याची एक पिवळी बहीण बर्फाखालच्या चिखलात सात-आठ महिने झोपते, कोवळ्या पानांनी श्वास आत घेते, जुन्या पानांनी सोडते आणि तिच्या फुललेल्या दाण्याला श्नॅप्स म्हणतात.